जिल्ह्याचा पाऊस आणि अंगणातला पाऊस

मागच्या अंकात माझ्या पावसाच्या वहीबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांची रीघ लागली. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मी देवरुखला भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. १९९४ पासून परसात पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला मोजायचं आणि वहीत लिहायचं, एवढाच माझा अधिकार. हवामानशास्त्रज्ञ मी नाही. पण एकाच अंगणात तीस पावसाळे उभं राहिलं की कोणाचा अंदाज कुठे आणि कसा चुकतो, हे कळायला लागतं. पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न आहे, की खरं कोण सांगतं? त्यातली सहा पत्रं घेतली आहेत.

बाई, मी लांजा तालुक्यात राहते. आमसुलं, फणसपोळी, आंब्याची साटं करून विकते. वाळवण सगळं उन्हावर. फोनमध्ये तीन ॲप आहेत. एक म्हणतं ऊन, एक म्हणतं सरी, तिसऱ्यात वीज चमकते. २०२५ च्या मे महिन्यात निम्मी साटं भिजून फुकट गेली. विश्वास ठेवू तरी कोणावर?
— एक गृहउद्योजिका, लांजा

ताई, पहिल्यांदा ती तीन ॲप एक करा. तीन ॲप बघणं म्हणजे तीन ज्योतिषांकडे जाणं. आपल्या मनासारखं बोलणारा एक सापडतोच आणि आपण त्याच्या भरवशावर साटं अंगणात घालतो.

ॲप म्हणजे लांज्यात बसून आभाळ बघणारा माणूस नव्हे. हवेची गणितं करणारी मोठी संगणकी प्रारूपं जगात मोजकीच आहेत. युरोपचं आहे, अमेरिकेचं आहे, आपलंही आहे. ॲपवाले त्यातलं एखादं घेतात आणि त्यावर तुमच्या गावाचं नाव छापतात. ही प्रारूपं पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतात. युरोपच्या प्रारूपाची चौकट साधारण ९ किलोमीटरची. आपल्याकडे ती १२ किलोमीटरची होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची चौकट ६ किलोमीटरची आहे. ही मोठीच मजल आहे. तरी एका चौकटीला उंची एकच मिळते. साखरप्याहून आंबा घाट चढायला लागा, थोडक्या किलोमीटरांत पाच-सहाशे मीटर वर जाता. प्रारूपाला तो कडा दिसत नाही, उतरती गच्ची दिसते. आणि आपला पाऊस तर त्या कड्यावर ढग आपटून पडतो.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून घाट उतरून वाईला या, सात-आठशेवर येतो. अंतर तासा-सव्वातासाचं. डोंगरच कशाला, मुंबईचं घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. शहर एक, दिवस एक. त्या दिवसाचा ‘मुंबईचा पाऊस’ किती, सांगा!

तेव्हा गावाच्या नावाखालचं ढगाचं चित्र विसरा. टक्क्यांनीही फसू नका. ‘पाऊस ६० टक्के’ म्हणजे दिवसाच्या निम्म्याहून जास्त वेळ पाऊस असं नव्हे. अशी हवा दहादा आली तर सहादा पाऊस होईल, इतकाच त्याचा अर्थ. जुलैत कोकणात तो आकडा रोज नव्वदच्या वर असतो. तो वाचून करायचं काय? त्याऐवजी किती मिलिमीटर आणि किती वाजता, ते बघा.

मी स्वतः काय करते ते सांगते. आदल्या संध्याकाळी भारतीय हवामान विभागाच्या मुंबई प्रादेशिक केंद्राचा जिल्हावार अंदाज बघते. रत्नागिरी जिल्ह्याचे पुढचे पाच दिवस त्यात रंगांसकट असतात. त्यावरून बेत ठरतो. सकाळी ‘नाउकास्ट’ बघते. तो पुढच्या तीन तासांपुरताच असतो आणि मला सगळ्यांत उपयोगी पडलेला अंदाज हाच. मग रडारचं चित्र. मुंबई आणि पणजी, दोन्ही उघडते. ती दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलतात. रंगीत ठिपके कुठून कुठे सरकताहेत ते तीन-चार चित्रं पाहिली की कळतं. एक मात्र ध्यानात ठेवा. रडारपासून लांब गेलं की त्याचे किरण जमिनीपासून फार उंचावरून जातात. खालच्या ढगांतला पाऊस त्यातून निसटतो. रडार कोरं आणि माझ्या अंगणात रिपरिप, असं कितीदा तरी झालंय.

मे महिन्यातलं वाळवण असेल तर डोळे पूर्वेला ठेवा. वळिवाचे ढग दुपारी सह्याद्रीवर उभे राहतात आणि संध्याकाळी खाली उतरतात. सकाळी लवकर घाला, दोनच्या ठोक्याला उचला. आणि विजांसाठी ‘दामिनी’ फोनमध्ये ठेवाच. तेही पुण्याच्या त्याच संस्थेचं. आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असली तर कळवतं.

२०२५ बद्दल मात्र चूक अंदाजाची कमी, आपली जास्त. मान्सून केरळात २७ मेला येईल, चार दिवस इकडे-तिकडे, असं सांगितलं होतं. आला २४ ला. मुंबईला २६ मेला पोचला, तिथली नेहमीची तारीख ११ जून. आगोटीची सगळी तयारी आपण सात जूनच्या हिशेबाने करतो ना, तिथे गफलत झाली. माझीही जळाऊ लाकडं बाहेरच होती, आणि मी अंदाज वाचलेला होता!

गेल्या जुलैत पुण्याला ऑरेंज अलर्ट होता म्हणून आम्ही ताम्हिणीचा बेत रद्द केला. पिंपरीत दिवसभर ऊन. असे अलर्ट देऊन हवामान खातं स्वतःचीच किंमत घालवतं, असं नाही वाटत?
— एक ट्रेकर, पिंपरी

नाही वाटत. ताम्हिणीत त्या दिवशी काय झालं, ते तुम्ही बघितलंत का? पिंपरीच्या उन्हावरून ताम्हिणीचा अंदाज चुकला म्हणणं म्हणजे शेजारच्या वर्गाच्या निकालावरून आपला मुलगा पास ठरवणं.

पुणे जिल्ह्याचा इशारा पुन्हा वाचा. घाटमाथा आणि बाकीचा भाग त्यात वेगळा सांगितलेला असतो. पुढे शब्द येतात, आणि ते सैल शब्द नव्हेत, त्यांना मापं आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हा अंदाज तंतोतंत खरा ठरूनही चारातल्या तिघांच्या अंगणात मुसळधार पडणार नाही. ‘मुसळधार’लाही माप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ च्या वर त्याहूनही पुढचा. चोवीस तास म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. तुमचा रविवार हवामान खात्याच्या दोन दिवसांत वाटला जातो.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. किती पडेल एवढंच त्यात बघत नाहीत. पडण्याची शक्यता किती आणि पडला तर नुकसान किती, दोन्ही तोलून रंग ठरतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. शाळेत असताना एका श्रावणात आठवीच्या मुलांना मार्लेश्वरला नेलं होतं. देवरुखात लख्ख ऊन, आभाळ धुतल्यासारखं निळं. खालच्या पऱ्यात पोरं पाय सोडून बसलेली. पाणी घोट्याएवढं आणि काचेसारखं स्वच्छ. अर्ध्या तासाने बघते तर त्याला चहाचा रंग यायला लागला, पालापाचोळा वाहत येऊ लागला. आमच्याबरोबर गावातला एक गुराखी होता, तो एवढंच म्हणाला, “बाई, पोरांना वर घ्या. वर लागलाय.” मुलं वर घेतली आणि मोजून दहा मिनिटांत त्या दगडांवर कमरेइतकं पाणी होतं. आमच्या डोक्यावर एक थेंब पडला नव्हता. पाऊस घाटमाथ्यावर लागला होता.

ताम्हिणीला, मार्लेश्वरला, कुठल्याही धबधब्याला जाताना पायथ्याचं हवामान बघू नका. पाणी जिथून येतं तिथलं बघा. बेत रद्द केलात ते बरंच केलंत.

बाई, हापूसची दीडशे कलमं आहेत. मोहोर आला की फवारणीच्या दिवशी नेमका पाऊस. शिवाय ऑक्टोबरात भात कापलं की परतीचा पाऊस हजर. शेतकऱ्यासाठी वेगळा अंदाज मिळतो का?
— एक बागायतदार, राजापूर

मिळतो. ‘मेघदूत’ ॲप २०१९ पासून आहे. जिल्हा निवडायचा, मराठी निवडायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पिकाचा सल्ला येतो. आपल्या पट्ट्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्लाही असतो, त्यात तुडतुडे, करपा यांचा विचार हवेबरोबर केलेला असतो. नुसता ‘ढगाळ’ हा शब्द शहरातल्या माणसाला काहीच सांगत नाही, तुम्हाला तो फवारणीचा पंप आठवून देतो.

तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे. जानेवारीतला अवकाळी पाऊस पकडणं जुलैतल्या सरीपेक्षा सोपं असतं. जुलैतली सर एखाद्या ढगाची, अर्ध्या तासाची. अवकाळीमागे बहुधा काहीतरी मोठं असतं, पश्चिमी झंझावात किंवा अरबी समुद्रातला कमी दाब. तो चार-पाच दिवस आधी दिसायला लागतो. म्हणून मोहोराच्या दिवसांत पाच दिवसांच्या अंदाजावर थोडा भरवसा ठेवायला हरकत नाही. पाचाच्या पुढचं मात्र कोणी तारखेनिशी सांगत असेल तर हसून सोडून द्या. भातकापणीसाठी दर गुरुवारी निघणारा पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज बघा. पाऊस सरासरीहून जास्त की कमी, एवढंच तो सांगतो. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात आधी कापून उडवी रचायची की दोन दिवस थांबायचं, हे ठरवायला तेवढं पुरतं.

फळपीक विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण भांडणं तिथेच होतात. राज्यात ‘महावेध’ची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, महसूल मंडळाला एक या हिशेबाने. विम्यासाठी धरतात तो त्या केंद्रावरचा आकडा, तुमच्या कलमाखालचा नव्हे. केंद्र डोंगराच्या अलीकडे आणि बाग पलीकडे असली तर दोघांचा पाऊस वेगळा असणारच. आपलं केंद्र नेमकं कुठे आहे ते एकदा जाऊन बघून या. मी गेले होते. आमचं तारेच्या कुंपणात आहे आणि शेजारी म्हशी बांधतात.

आमच्या लहानपणी पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं. बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस भरपूर. समुद्राची गाज कुठून येते त्यावरूनही कळायचं. आता सगळे मोबाइलात डोकं घालतात. जुनं ज्ञान टाकाऊ का?
— एक आजोबा, वेंगुर्ले

आजोबा, नमस्कार. यातलं थोडं ठेवू, थोडं सोडू.

वाहन सोडू. मृगाचं वाहन जे वेंगुर्ल्याला तेच वाईला आणि तेच महाबळेश्वरला. एकाच हत्तीवरून एकीकडे पूर आणि दुसरीकडे टँकर, असं कसं चालेल? पण नक्षत्रं ठेवू. सूर्य मृगात जातो तो दर वर्षी सात-आठ जूनलाच. तेव्हा नक्षत्र म्हणजे शेतकऱ्याचं कॅलेंडरच. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा’ ही म्हण मी वर्गात शिकवायचे. उत्तरा येते सप्टेंबरच्या मध्याला, गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताचं दाणा भरण्याचं काम तेव्हा चालू असतं, पाणी लागतं. म्हणीत पाऊस पडेल की नाही हे कुठेच सांगितलेलं नाही. पडला तर काय, न पडला तर काय, एवढंच आहे. अंदाज न करता केलेलं इतकं शहाणं बोलणं माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

गाजेचं तुमचं म्हणणं मला पटतं. लांबच्या वादळाने उठलेल्या लाटा वादळाच्या पुढे धावतात आणि आभाळ स्वच्छ असतानाच किनाऱ्यावर येऊन आपटतात. वाऱ्याची दिशा बदलली की आवाजही बदलतो. कानाने ऐकलेलं हे भौतिकशास्त्रच आहे. फक्त किती पडेल ते गाज सांगत नाही. समुद्रात जाणाऱ्याने बंदरावरचा बावटा बघितल्याशिवाय होडी सोडू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. त्याची वाट बऱ्याच आधी सांगितलेली होती, म्हणून किती माणसं वेळेत हलवता आली!

मी मस्कतला नोकरीला आहे. आईवडील चिपळुणात, बाजारपेठेजवळ. २०२१ नंतर जुलैभर झोप नसते. इथून काय बघू?
— एक मुलगा

चिपळूणच्या नावापुढचं पावसाचं चित्र बघू नका, त्याने तुमची झोप जाईल आणि कळणार काहीच नाही. २२ जुलै २०२१ चा पूर शहरावर पडलेल्या पावसाने एकट्याने आणला नव्हता. तीन गोष्टी एकत्र बघा. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांच्या घाटमाथ्याला लाल रंग आहे का? दाभोळ खाडीची भरती किती वाजता आहे? वाशिष्ठी त्याच खाडीला मिळते, भरतीत तिचं पाणी तुंबतं. आणि कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, किती सुटतंय? तेही वाशिष्ठीतच येतं. घाटमाथ्यावर संततधार आणि भरती मध्यरात्रीची, असा योग दिसला तर आईवडिलांना संध्याकाळीच वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे जायला सांगा. ऐकणार नाहीत. तेव्हा शेजारच्या एखाद्या तरुण मुलाचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा, त्याच्या डोळ्यांना नदी दिसते.

बाई, मी नववीत आहे. मला तुमच्यासारखी वही करायची आहे. पण पर्जन्यमापक महाग असतो का? आणि साडेआठला माझी शाळा असते.
— एक विद्यार्थिनी, खेड

अगं, विकत कशाला? दोन लिटरची पाण्याची बाटली घे, सरळ उभ्या बाजूंची, कमरेत बारीक असलेली नको. वरचा निमुळता भाग कापायचा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. तळ सपाट नसतो, म्हणून तळात बारीक खडे घाल आणि ते बुडेपर्यंत पाणी ओत. त्या पाण्याच्या रेषेवर शून्य. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटव. तोंड जेवढं रुंद तेवढंच अंग रुंद असलं की पाण्याची उंची हाच पाऊस. रोज मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेषेवर आणायचं, नाहीतर कालचा पाऊस आजच्यात मिसळतो. (पहिल्या वर्षी माझं हेच झालं होतं. तो जुलै अजून वहीत खाडाखोडीसकट आहे.)

बाटली उघड्यावर ठेव. झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट लांब. वाऱ्याने पडू नये म्हणून चार विटांमध्ये बसव. पागोळ्याखाली नको, नाहीतर खेडमध्ये चेरापुंजी होईल. १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, एका गुंठ्यावर साधारण १०१ लिटर. हे वडिलांना सांग, त्यांना आवडेल.

वहीत चार रकाने कर. तारीख, बाटलीतला पाऊस, आदल्या दिवशी जिल्ह्याला काय सांगितलं होतं, आणि वारा कुठून होता. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण तोच सोडू नकोस. माझ्या वहीत त्याच रकान्यावरून दिसलं की जिल्ह्याला नारंगी असताना वारा नैर्ऋत्येचा असेल तर आमच्याकडे जोरात पडतो आणि वारा पडलेला असेल तर निम्म्या वेळा नुसती रिपरिप. तुमच्या खेडात ते उलटंही असेल. मला माहीत नाही, तुलाच सांगावं लागेल.

साडेआठला शाळा असेल तर सातला मोज. रोज सातलाच. रविवारीसुद्धा.